शिआनला भाकर चुरताना

दसरा झाला की परंड्याच्या बाहेर रस्त्याच्या कडेनं सोयाबीन वाळत पडतं. अर्धा रस्ता गाड्यांना, अर्धा सोयाबीनला. मळणी यंत्रं दिवसभर घुमतात. भुसकट उडतं, दोरीवरच्या कपड्यांवर बसतं, दारात टेकलेल्या माणसाच्या भुवयांवर बसतं. दुपारी ऊन चटका देतं आणि पाच वाजले की एकदम गार वारा अंगावर येतो. इतकी वर्षं हे दिवस माझ्या लेखी सहामाही परीक्षेचे होते. पेपरांचे गठ्ठे, लाल पेन, शाईनं माखलेली बोटं. गेल्या वर्षापासून ते दुसऱ्याच एका गावाचे झालेत. रस्त्यावर धान्य वाळताना दिसलं की मला शिआन आठवतं.

शिआन हे चीनमधलं शहर. मी तिथं नऊ दिवस होते. एकटी.

शेजारच्या सुमनबाईंना हे अजून खरं वाटत नाही. परवाही भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "बाई, खरंच चीनला गेल्ता व्हय? का हैदराबादला लेकीकडं जाऊन आलाव आन आमाला सांगताव?" ईटला, माझ्या माहेरी, भाऊ शेती करतो. त्याला जायच्या आधी सांगितलं, तर त्यानं फोनवरच विचारलं, "एकलीच? कशाला? तिथं आपलं कोण हाय?"

तिथं आपलं कुणीच नव्हतं. पण माझी मुलगी चार वर्षं तिथं राहून आली होती.

कोमल माझी एकुलती एक. ती सहावीत असताना तिचे वडील गेले, तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. मी इथल्या हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. बारावीनंतर तिचा डॉक्टरकीला नंबर लागला नाही, म्हणून ती शिआनला गेली. आमच्या भागातली बरीच मुलं तेव्हा अशी बाहेर जात होती. चौथ्या वर्षाच्या सुट्टीत ती घरी आली आणि करोना सुरू झाला. परत जाताच आलं नाही. उरलेलं शिक्षण तिनं आमच्या जिन्यावर बसून, फोन उंच धरून पुरं केलं. घरात रेंज यायची नाही. मग बाहेरून शिकून आलेल्यांना द्यावी लागते ती परीक्षा आली. तिच्यात ती एकदा नापास झाली. दुसऱ्यांदाही झाली. त्या दुसऱ्या निकालाच्या दिवशी जेवताना मी म्हणाले, "इतकी वर्षं तिथं काय करत होतीस तू?"

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ताटातच हात धुतला आणि उठली. आठवड्याभरात अभ्यासाला म्हणून हैदराबादला गेली, तिसऱ्या खेपेला पास झाली, तिथंच दवाखान्यात लागली. मला पेढे आले, कुरिअरनं. त्यानंतर दर रविवारी फोन. जेवलीस का, जेवले. तू? जेवले. बरं, ठेवते.

शिकवणाऱ्या बाईला प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत थांबायची सवय असते. मी दोन वर्षं थांबले. निवृत्त झाले, निरोपाच्या कार्यक्रमात शाल-नारळ घेतला, आणि त्याच महिन्यात पासपोर्टचा अर्ज भरला. कोमलला सांगितलं, शिक्षकांच्या सहलीबरोबर कन्याकुमारीला चाललेय. "छान," ती म्हणाली. "गरम कपडे नको घेऊस, तिकडं उकाडा असतो." मी बॅगेत दोन स्वेटर भरत होते.

शिआनला उतरले तेव्हा भुरभुर पाऊस होता. आभाळ राखाडी, झाडं पिवळी. इतकी पिवळी झाडं मी कधी बघितली नव्हती. आपल्याकडं पानं वाळतात, तिथं ती पिकतात. रस्ते रुंद आणि स्वच्छ, आणि गाड्यांचा आवाजच नाही. सगळ्या विजेवरच्या. पाठीमागून दुचाकी येऊन कधी शेजारून गेली ते कळायचंच नाही. आवाज नसलेल्या गर्दीत माणूस जास्त एकटा पडतो, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. रस्त्यावरच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. आयुष्यभर मुलांना वाचायला लावणारी मी, पंचावन्न वर्षांनी पुन्हा निरक्षर झाले.

एक म्हातारी मला बघून थांबली आणि म्हणाली, "यिन्दू?" मला वाटलं हिंदू का विचारतेय. मान हलवली. मग लक्षात आलं, ती भारत म्हणत होती. तिनं माझ्या साडीचा पदर दोन बोटांत धरून बघितला, कापड घेताना आपण बघतो तसाच, आणि पसंत पडल्यासारखी मान हलवून निघून गेली. त्या दिवशी माझ्याशी बोललेली ती एकटीच.

दुसऱ्या दिवशी विटांचा तो उंच मनोरा बघायला गेले. आपल्याकडं येऊन गेलेला जो चिनी यात्रेकरू पुस्तकात असतो, त्यानं भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवण्यासाठी तो बांधला म्हणतात. तीस वर्षं मी त्याला शिकवलं. कुठून निघाला, कोणत्या वाटेनं आला, कोणत्या राजाला भेटला. तो आपल्या महाराष्ट्रातही आला होता, आणि इथली माणसं केलेले उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलंय. हे सांगितलं की वर्गातली पोरं खूश व्हायची. माना ताठ करून एकमेकांकडं बघायची.

मनोऱ्याच्या पायथ्याशी ओल्या बाकावर बसले आणि मनात आलं, इतक्या वर्षांनी हा माणूस घरी परत आला तेव्हा त्याला पोथ्या किती आणल्या हे सगळ्यांनी विचारलं असेल. तिथं तू आजारी पडलास तर पाणी कुणी दिलं, हे कुणी विचारलं असेल का? मीही कधी पेपरात हा प्रश्न काढला नव्हता. घरातही नाही. आणि अपमान विसरत नाहीत हे वाक्य मी वर्गात रंगवून सांगायचे, आणि माझ्याच घरातली एक मुलगी आता हैदराबादला राहत होती.

मातीचे सैनिक शहराबाहेर आहेत. तिकडं जाताना बसच्या खिडकीतून मला मका दिसला. रस्त्याच्या कडेला मैलभर पसरलेला, पिवळाधमक, आणि एक बाई अनवाणी पायांनी तो उलथा करत चाललेली. अगदी आपल्याकडं करतात तसंच, पाय घासत घासत, दाण्यांत सऱ्या पाडत. मी उठून उभीच राहिले. शेजारच्या माणसाला दाखवलं, "आमच्याकडं पण!" त्याला काही कळलं नाही. तो नम्रपणे हसला आणि मला उतरायचंय असं समजून वाट मोकळी करून दिली. हे मी ज्याला सांगावं असं बसमध्ये कुणी नव्हतं. पुढं डाळिंबांचे ढीग लागले, सांगोल्याच्या रस्त्यावर लागतात तसे. तेव्हा मी गप्प बसले.

सैनिकांचं काय सांगू? खड्ड्यात रांगेनं हजारो माणसं उभी, आणि प्रत्येकाचं तोंड वेगळं. कुणाची मिशी वर वळलेली, कुणाचं पोट सुटलेलं, कुणी नुकतंच मिसरूड फुटलेलं पोरगं. कुणा कारागिराच्या शेजारपाजारची माणसं असणार ती. वर कठड्याला आम्ही जिवंत माणसं खेटून उभी होतो. एक मुलगी आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवून खाली बघत होती. मी सैनिक बघायचे सोडून त्या दोघींनाच बघत राहिले. मग आईचं लक्ष गेलं, आणि मी चटकन मान फिरवली.

जेवणाचं भारी अवघड होतं. तिथली टेबलं गोल, माणसं घोळक्यानं येतात, मधे सात-आठ पदार्थ ठेवून सगळे त्यातूनच खातात. एकट्या बाईला कुठं बसवावं हे वाढणाऱ्यांना कळायचं नाही. पण एका गल्लीत मी उभी राहिले ती वासानं. हाताएवढ्या रुंद शेवया, त्यावर लसूण, त्यावर लाल तिखटाचा ढीग, आणि बाईनं कढत तेलाची पळी वरून ओतली. चर्रर्र झालं. तो वास माझ्या घरातला होता. आमच्याकडं भाजी नसली की तिखटावर असंच तेल ओततात. मी ठसका लागेपर्यंत खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटानं आलं, असं समजायची सोय होती.

पाचव्या दिवशी कोमलच्या कॉलेजवर गेले. फाटकावरच्या माणसाला फोटो दाखवला. त्यानं हात हलवून नाही म्हटलं, पण रागानं नाही. आत सोडायचा नियम नव्हता. मी बाहेरून वसतिगृहाच्या खिडक्या बघत उभी राहिले. शंभर खिडक्या असतील. तिची कोणती ते मला माहीत नव्हतं. कंपाउंडच्या भिंतीला लागून एक झाड होतं, पानं गळून गेलेली आणि नुसती केशरी फळं लटकलेली. तेव्हा आठवलं. पहिल्याच वर्षी तिनं फोन केला होता, "आई, इथं टेंभरं टमाट्याएवढी असतात! खरंच! खिडकीतून दिसतात." मी म्हणाले होते, "बरं. अभ्यास कसा चाललाय?"

कॉलेजच्या मागच्या गल्लीत मुसलमानांची खाणावळ होती. दारात मटणाच्या रश्श्याचं भलं मोठं पातेलं उकळत होतं. मी बोटानं दाखवलं. समोर एक रिकामा वाडगा आला आणि दोन घट्ट, चपट्या, जाड भाकरी. रस्सा नाहीच. मी वाट बघत बसले. शेजारच्या टेबलावर बघितलं तर सगळे आपापली भाकर हातानं चुरत होते. चुरून झाली की वाडगा आत द्यायचा, तिथं त्यात रस्सा ओतून, शिजवून परत आणतात. म्हणजे काला! मी भराभर चुरायला घेतलं. आपल्यासारखे मोठमोठे तुकडे.

डोक्याला रुमाल बांधलेली मालकीण आली. माझ्याच वयाची. माझ्या वाडग्यात बघून तिनं कपाळावर हात मारला, समोर बसली, एक तुकडा उचलून त्याचे आणखी पाच केले. सोयाबीनच्या दाण्याएवढे. मग मला दाखवून मान हलवली, असं. आम्ही दोघी चुरत बसलो. परंड्याहून निघताना मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं फोनमध्ये दुभाषा टाकून दिला होता. मी बोलले की तो चिनीत बोलायचा, आणि चिनी बोलणं पुस्तकी हिंदीत सांगायचा. मी पर्समधून कोमलचा फोटो काढला आणि समोर धरला.

तिचे हात थांबले. फोटो घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग इतकं भरभर बोलली की दुभाष्याला दोनदा विचारावं लागलं. शेवटी त्यानं गंभीर आवाजात सांगितलं, "आपकी पुत्री रोटी को बहुत छोटा तोड़ती थी."

मग हळूहळू सगळं आलं. कोमल दर रविवारी यायची. भिंतीकडच्या टेबलावर बसायची. मुलं घोळक्यानं यायची, ही एकटी. सगळ्यांत बारीक भाकर तीच चुरायची. मालकिणीला वाटायचं, पोरीला वळण चांगलं आहे. मग एकदा तिच्या लक्षात आलं, भाकर संपू नये म्हणून ती बारीक चुरते. संपली की खायचं, खाल्लं की उठायचं, आणि उठून जायचं कुठं? दुसऱ्या हिवाळ्यात तिला ताप आला होता. मालकिणीनं दोन दिवस वरच्या खोलीत ठेवून घेतलं, राळ्याची पेज करून पाजली. त्या तापाचा मला पत्ता नव्हता.

 मागं बायका-पोरांचा कालवा चालला होता. आतून एक माणूस वाडग्यांचे नंबर मोठ्यानं ओरडत होता. कुणीतरी खदखदून हसलं. आणि हा आवाज मी ओळखला. चार वर्षं दर रविवारी फोनवर तिच्या मागं हाच आवाज असायचा. हेच ओरडणं, हेच हसणं. "मैत्रिणींबरोबर जेवायला आलेय, आई," ती म्हणायची, आणि मला बरं वाटायचं. पोरगी माणसांत आहे, हसतेय. मी फोन ठेवून निर्धास्त व्हायचे.

ती हसणारी माणसं तिची नव्हती.

आणि मीही काय करत होते? तिचा फोन यायच्या वेळेला टीव्ही मोठा करून ठेवायचे. "बाया आल्यात गं, बसल्यात," म्हणायचे. तिला काळजी नको म्हणून. दोन घरं, दोन देश, आणि दोघींनी एकमेकींना लोकांचा आवाज ऐकवून फसवलं.

तिथूनच मी तिला फोन लावला.

"हं आई, पोचलीस का कन्याकुमारीला?" ती म्हणाली. आणि थांबली. आतला माणूस नंबर ओरडला होता. "आई," तिचा आवाज बदलला. "तू कुठं आहेस?"

"तुझ्या कॉलेजच्या मागं. भाकर चुरतेय."

 मग, "कुणाबरोबर?"

"एकटीच."

मालकिणीला राहवेना. तिनं माझ्या हातातला फोनच घेतला. आणि मग मी माझ्या मुलीला चिनी बोलताना पहिल्यांदा ऐकलं. भरभर, उंच, मधेच हसत, मधेच हुंदका गिळत. त्यातला एकही शब्द मला कळत नव्हता. जिला मी जन्म दिला, बाराखडी शिकवली, तिचा हा आवाज या अनोळखी बाईला माहीत होता आणि मला नव्हता. मालकीण डोळे पुसत होती. मी वाडग्याकडं बघत बसले.

फोन परत आला तेव्हा कोमलचा आवाज कोरडा होता. "मला न विचारता का गेलीस?"

"मला बघायचं होतं, तू कशी..."

"मला विचारायचं ना! मी घरातच होते. अडीच वर्षं, तुझ्यासमोर. तेव्हा विचारलंस ते कसं विचारलंस?" आणि फोन ठेवला.

भाकर शिजून आली. वर कोथिंबीर, शेजारी लसणाचं गोड लोणचं. चांगली होती. सगळी संपवली. मालकिणीनं हात धरून दारापर्यंत सोडलं.

पुढचे दोन दिवस मी कुठं हिंडले ते मला नीट सांगता येणार नाही. शहराभोवती जुनी भिंत आहे, आपल्या परंड्याच्या किल्ल्याच्या तटाच्या चौपट रुंद, वर सायकली चालतात. सायकल घेतली. तरुणपणी ईटहून शाळेला सायकलनं जायचे, पाय विसरले नव्हते. धुकं होतं. जोडप्यांच्या दोन सिटांच्या सायकली पुढं निघून जायच्या. तटावरून एका बाजूला जुनी कौलं दिसत होती, दुसऱ्या बाजूला तीस मजली इमारती, आणि मी दोन्हींच्या मधून कुठंच पोचायचं नसल्यासारखी पाय मारत होते. माझं चुकलं होतं. ते मला जेवणाच्या ताटावरही कळलं होतं. पण चुकलं म्हणायला मी इतक्या लांब आले, आणि तेही म्हणायचं राहिलंच.

मग फोन वाजला. तिचा निरोप होता, एका ओळीचा. "भिंतीवर गेलीस तर दक्षिणेच्या दरवाज्यानं उतर, उत्तरेला पायऱ्या निसरड्या आहेत." मी सायकल टेकवून तिथंच उभ्या उभ्या लिहिलं, "त्या दिवशी तुला असं बोलायला नको होतं. माझं चुकलं."  अर्ध्या तासानं दुसरा निरोप आला: "खाली डावीकडं भाजलेली रताळी मिळतात. गरम खा."

मी दक्षिणेनं उतरले.

याला आता वर्ष झालं. सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. फोन अजून रविवारीच येतो. कधी लांबतो, कधी नेहमीइतकाच. आता ती अधूनमधून घरी येते, पण मधे अडीच महिने काही कारण काढून आलीच नाही. घरात मी आहे, भिंती आहेत, दुपार झाली की घड्याळाचा आवाज मोठा होतो. टीव्ही आता मी लावत नाही.

गेल्या आठवड्यात ती दोन दिवस आली होती. पहिला दिवस झोपून काढला. सुमनबाई दोनदा डोकावल्या, "उठली न्हाय का अजून? लई दमवत्यात वाटतं दवाखान्यात." मी म्हटलं, झोपू द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही स्लॅबवर बसलो होतो. खाली कुणाची तरी मळणी चालली होती. तिनं आपण होऊन सुरुवात केली. पहिला बर्फ पडला तेव्हा ती किती घाबरली होती, मढं कापायच्या पहिल्या तासाला कशी बाहेर पळाली होती, मालकिणीच्या सुनेचं बाळंतपण कसं बघितलं होतं. ऊन उतरेपर्यंत बोलत होती. मी एकही प्रश्न विचारला नाही.

मग ती थांबली. गुडघे पोटाशी घेऊन माझ्याकडं बघत म्हणाली, "आणि तू गं? मी गेले तेव्हा तू काय केलंस?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. 

"तुला कुर्डुवाडीला रेल्वेत बसवलं ना," मी म्हणाले, "मामा तुझ्याबरोबर मुंबईला गेला. मी स्टँडवर आले. परंड्याच्या तीन गाड्या लागल्या, तिन्ही जाऊ दिल्या. चढवेचना. घरी जाऊन कुलूप काढायचं होतं."

 खाली यंत्र बंद झालं होतं. भुसकट अजून हवेत होतं.

"चौथ्या गाडीत जागा मिळाली का?" तिनं विचारलं.

"न्हाय," मी म्हटलं. "उभीच आले."